मूळचे कुठले?

“सिकल सेल डिसीज,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कागदाच्या कोपऱ्यात एक गोल काढला, शेजारी एक विळा. गोल म्हणजे लोकांच्या लाल रक्तपेशी, विळा म्हणजे माझ्या. गोल पेशी बारीक नसांतून सरकत जातात, विळ्यासारख्या अडकतात. अडकल्या की पुढचं रक्त थांबतं आणि हाडांमध्ये कळा सुरू होतात. या पेशी लवकर फुटतात, म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळट.

मी एकतीस वर्षांची होते, चौथा महिना लागला होता आणि हाताला सलाईन होतं. खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हणजे मी नाटकं करत नव्हते तर!

लहानपणापासून माझे हातपाय दुखायचे. थंडी पडली, पावसात भिजले, शाळेत पळायला लावलं, की दुसऱ्या दिवशी अंथरुणातच. आई म्हणायची, आपल्या घराण्यातच वात आहे. आत्याला होता, आजोबांना होता. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्यायचा आणि गप्प पडायचं. मोठी झाल्यावर डॉक्टर बदलत गेले आणि वाताची नावंही. कोणी संधिवात म्हणालं, कोणी व्हिटॅमिन डी कमी आहे म्हणालं. एका फॅमिली डॉक्टरांनी सल्ला दिला, की ताण घेऊ नका, गाणं शिका. मी शिकले. गुडघे दुखायचे ते दुखतच राहिले, वर शेजारच्यांचे कान दुखू लागले.

या सगळ्यांनी एक प्रश्न न चुकता विचारला होता: मूळचे कुठले? आणि मी न चुकता खोटं उत्तर दिलं होतं.

याचं कारण सांगायला हवं. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, वडेगावचे. बाबा खडकीला दारूगोळा कारखान्यात बदलून आले तेव्हा मी बालवाडीत होते. क्वार्टरमध्ये सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं, तिथे काही अडलं नाही. पण बाबांनी निवृत्तीच्या सुमारास कर्वेनगरला भाड्याने जागा बघितली. मालक गोड माणूस, चहासुद्धा दिला. वडेगावकर या आडनावातला ‘कर’ ऐकून खुलले. मग कुठलं हे वडेगाव, भंडारा म्हणजे अगदी तिकडे, तुमच्याकडे लग्नात कोणते विधी असतात, असं करत करत प्रश्न पोचायचा तिथे पोचला. बाबांनी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. मालक म्हणाले, “कळवतो.” पुण्यात ‘कळवतो’चा अर्थ नव्याने आलेल्या माणसालाही कळतो.

त्या दिवसापासून आईचा नियम झाला, की गाव सांगायचंच नाही. गाव ही पहिली पायरी, ती चढू दिली की माणूस वरपर्यंत येतो. पुढे जागा मिळाली तेव्हा हॉलमधला निळ्या कोटातला फोटो तिने आतल्या खोलीत लावला. बाबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, मग त्यांनीही तो विषय सोडला. मला विचारलं की मी सांगायचे, वडेगाव सोलापूर रोडला आहे, लोणी काळभोरच्या पुढे. एकदा बँकेतला सहकारी खूश होऊन म्हणाला, आमची लोणीला शेती आहे, कुठे आलं हो हे? मला अचानक महत्त्वाचा फोन आला.

तर या डॉक्टरबाईंनीही तेच विचारलं. त्या रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञ, म्हणजे हेमॅटॉलॉजिस्ट. पाठीच्या कळांनी मला दाखल केलं होतं आणि रक्त इतकं कमी का हे कोणाला समजत नव्हतं. मी म्हटलं, पुण्याचीच. त्याआधी? सोलापूर रोड. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हे बघा वडेगावकर, मला तुमच्याशी सोयरीक करायची नाहीये. मला तुमच्या आजोबांचं गाव हवंय.”

मी रडले. कळांमुळे रडले असं मंदारला, माझ्या नवऱ्याला, नंतर सांगितलं. मग भंडारा म्हणाले. बौद्ध, हेही न विचारता सांगून टाकलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी लगेच एचपीएलसी लिहून दिली. या तपासणीत रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दिसतात. तिच्यातून विळा निघाला.

त्यांनी जे समजावलं ते मी घरातल्या सगळ्यांना इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. फार पूर्वी जिथे जिथे जंगल आणि मलेरिया होता, तिथल्या माणसांच्या रक्तात हा बदल झाला. आईबापांपैकी एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो, त्याला सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियापासून थोडं रक्षण होतं. दोघांकडून आला तर आजार. विदर्भात तो आदिवासींमध्ये आहे, बौद्धांमध्ये आहे, इतरही समाजांत आहे. “डासांनी जात बघितली नव्हती,” त्या म्हणाल्या. “पण माणसांनी बघून बघून आपल्यातच लग्नं केली, म्हणून तो तिथेच फिरत राहिला.”

आमच्याकडे तर मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्कच धरतात. माझाही आतेभाऊ ठरल्यातच जमा होता. मी पेठेतल्या मंदारशी लग्न करते म्हटल्यावर आईने खूप आकांत केला. आपल्यातला सोन्यासारखा मुलगा सोडून तिकडे कशाला जातेस अपमान करून घ्यायला, हा तिचा प्रश्न होता. माझ्या सासूबाईंचंही दुःख साधारण त्याच मापाचं होतं. आमच्या लग्नावर दोन्ही घरांचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

आता सगळं मंदारच्या रक्तावर होतं. तोही वाहक निघाला, तर बाळाला आजार होण्याची शक्यता निम्मी. त्याचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. मी पोटावर हात ठेवून पडून राहायचे आणि त्या बाळाची माफी मागायचे. सासूबाई डबा घेऊन यायच्या. एकदा म्हणाल्या, “हा आजार आमच्यात नसतो ना? म्हणजे, त्या...” आणि थांबल्या. त्यांनी वाक्य गिळलं, पण मला ते लागायचं तेवढं लागलं. मी डबा तसाच परत पाठवला.

रिपोर्ट आला. मंदारच्या रक्तात काहीच नव्हतं. बाळ वाहक असणार हे नक्की, आजारी नसणार हेही नक्की. सासूबाई संध्याकाळी पुन्हा डबा घेऊन आल्या, माझ्यासमोर उघडून बसल्या आणि म्हणाल्या, “चला, माझ्या मुलाचा एक तरी उपयोग झाला. आता जेव.” मी जेवले. त्यांच्या तोंडून माफी म्हणून याहून जास्त काही निघेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नव्हता.

आईला मी विचारलं, आतेभावाची तपासणी करू या का? तो वाहक निघाला. त्याच्याशी लग्न झालं असतं तर काय, हे तिने मोठ्याने म्हटलं नाही. फक्त मंदारला दुसऱ्या दिवशी फोन करून जेवायला काय करू म्हणून विचारलं. हा फोन लग्नानंतरचा पहिला.

मुलगी सुखरूप झाली. बाळंतपणात दोनदा रक्त चढवावं लागलं. अंगावरचं दूध सुटल्यावर मला हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं. या गोळीने लहान बाळांच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन वाढतं आणि विळे कमी होतात. आता मी पाणी भरपूर पिते, थंडीत मोजे घालून झोपते, कळा क्वचित येतात. आजार गेला नाही, पण त्याला मी ओळखते आणि ठीक चाललंय. ज्यांच्या घरात असा पिढीजात ‘वात’ आहे त्यांनी एकदा रक्त तपासा, लग्नाआधी तर तपासाच. घरमालकाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, डॉक्टरपासून मात्र गाव लपवू नका.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा आई सोबत होती, मांडीवर नात. शेजारी एक बाई आपल्या तरुण मुलीला घेऊन बसल्या होत्या. मुलीचे गुडघे सुजलेले, डोळे पिवळट. आईने कुठल्या म्हणून विचारलं. बाई चटकन म्हणाल्या, “चिंचवड.” पण त्याआधी बाई आपल्या मुलीशी जे बोलल्या होत्या ते आईने ऐकलं होतं. ती बोली आमच्याकडची.

“आमी भंडाऱ्याकडचे,” आई म्हणाली. “वडेगाव. बौद्ध आहो आमी. हे माही पोरगी, तिले सिकल सेल आहे. तुमचं खरं गाव डॉक्टरले सांगून टाका बाई. लपवून काही भेटत नाही, आमाले नाही भेटलं.”

पुण्यात इतकी वर्षं राहून आईने ही बोली घराबाहेर कधी काढली नव्हती. आवाजही चांगला खणखणीत होता, समोरच्या रांगेतल्या दोघातिघांनी मान वळवली. पूर्वी मी तिचा पदर ओढला असता. मी बसून राहिले.

बाईंनी आजूबाजूला बघितलं. मग आईच्या कानाजवळ तोंड नेऊन त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

“अगं बाई,” आई म्हणाली, “तिथं तर माही मावशी दिली होती.” आणि तिने पिशवी उचलून त्यांना जवळ सरकायला जागा करून दिली.