माय विहिरीवर उभी राह्यली ते वर्ष

मार्च लागला की आमच्या वस्तीत एकच विषय असतो, यंदा देखावा कशाचा? जयंतीची मिरवणूक निघते एप्रिलात, पण विहारासमोरच्या पटांगणात बैठका महिनाभर आधीच सुरू होतात. मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. संध्याकाळी टेम्पोतून उतरले की आधी तिकडंच वळते. लेझीमला कोण कोण आलं, ट्रॅक्टर कुणाचा मिळाला, हे कळल्याशिवाय घरचा चहा गोड लागत नाही.

काही वर्षांपूर्वी पोरांनी पाणवठ्याचा देखावा ठरवला. ट्रॉलीवर थर्माकोलची विहीर, वर कप्पी, दोर, कळशी. पाणी शेंदायला बाई हवी होती. कुणीतरी माझ्या मायचं नाव घेतलं. तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. लहानपणी माहेरच्या गावात ती विहिरीपासून लांब कळशी ठेवून बसायची. कुणाच्या मनात आलं तर वरून पाणी ओतायचे. हे तिनं आम्हाला एकदाच सांगितलं होतं.

बैठकीत ती म्हणाली, "उभी राह्यते. पण विहिरीत पाणी पाहिजे."

"मावशी, नुसता दोर ओढायचा हाय," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला. तो रोलिंग मिलमध्ये वेल्डर.

"मंग दुसरी बाई पाहा. रिकामी कळशी मी न्हाई ओढणार."

शेवटी थर्माकोलच्या आत पाण्याचा ड्रम बसवला, लोखंडी पट्ट्यांनी आवळून. मला तिच्या गुडघ्यांची काळजी होती. घरी मी म्हणाले, "माय, चार-पाच घंटे उभं राहावं लागंल."

"तू कारखान्यात आठ घंटे उभी राह्यती. मी काही म्हणते का?"

मिरवणूक निघाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं, तरी डांबर तापलेलंच होतं. मी ट्रॉलीच्या बाजूनं चालत होते. मायनं पहिली कळशी वर काढली तशी लेझीममधली एक बाई पुढं आली आणि तिनं ओंजळ धरली. मायनं वाकून पाणी ओतलं. मागून आणखी ओंजळी वर झाल्या. दुसऱ्या कळशीला मायचा हात थांबला.

"ट्रॅक्टर उभा करा," ती म्हणाली.

मला वाटलं चक्कर आली. मी वर चढले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "असं वरून न्हाई ओतणार मी. गिलास आणा."

एवढ्या गर्दीत ग्लास कुठून आणायचे? बाजूलाच कापडदुकानवाले शेठ शरबत वाटत होते. त्यांचे आजोबा-पणजोबा राजस्थानातून आलेले, मायच्या साड्या कायम त्यांच्याकडच्याच. त्यांनी स्टीलच्या ग्लासांची परात स्वतः उचलून आणली. "घ्या मावशी. जल्दी नका करू, थांबतील लोक."

माय ट्रॉलीच्या कडेला पाय सोडून बसली. मी कळशीतून ग्लास भरायचे, ती एकेकाच्या हातात द्यायची. पहिला ग्लास शेठनीच घेतला. चौकापर्यंत ड्रम दोनदा भरावा लागला. मागून येणाऱ्या दुसऱ्या वस्तीच्या मिरवणुकीतले ओरडत होते, "चला पुढं!" ती कुणाचं ऐकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले. मी रजा टाकून शेकत बसले, आणि ती आल्यागेल्याला कोणी कोणी पाणी घेतलं ते सांगत राह्यली.

यंदाचा देखावा अजून ठरलेला नाही. काल बैठकीत बराच वाद झाला. माय पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून होती. मी मात्र मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवसाच्या रजेचा अर्ज आताच देऊन टाकलाय.