खुर्चीखालचा लाल दोरा

महिन्याच्या पहिल्या रविवारी इल्वा घरात सापडली, तर ती आजारी आहे असं खुशाल समजावं. त्या दिवशी अरेत्झोच्या मोठ्या चौकात जुन्या वस्तूंचा आणि हातकामाचा बाजार भरतो, आणि त्या चौकाच्या खालच्या कोपऱ्यात, कारंज्याशेजारी, इल्वानं एक्केचाळीस वर्षं खुर्च्या विणल्या. लाकूड सुताराचं, बसायची जागा इल्वाची. ओल्या लव्हाळ्याला पीळ देत देत ती चौकटीवर असा काही ताण भरायची की दोन पिढ्या बसल्या तरी वीण खाली येत नसे. तिच्या उजव्या अंगठ्याला भेग पडली ती कायमची. पुढं कंबरेनं दगा दिला, दुकान बंद झालं, पण बाजार काही सुटला नाही. विकायचं नसलं म्हणून काय झालं, बघायला थोडेच पैसे पडतात?

या खेपेला सकाळीच मुलाचा, लोरिसचा फोन आला.

“आई, बाहेर धुकं बघ किती पडलंय. उगाच कंबर धरून बसशील. आज बाजार राहू दे.”

“धुक्यात मला कोण पळवून नेतंय? म्हातारीला फुकट दिली तरी कुणी घेत नाही.”

“ऐकत जा गं कधीतरी. बुधवारी निघायचंय आपल्याला. बॅग भरलीस? लहानच घे. पंधरा दिवसांचा तर प्रश्न.”

बॅग तीन दिवसांपासून दाराशी भरून ठेवलेली होती. समुद्राकाठी कुठंतरी गरम पाण्यानं कंबर शेकतात म्हणे, लोरिसनं सगळं ठरवलं होतं. एवढा जीव लावणारा मुलगा हल्ली कुणाला मिळतो, असं इल्वा जिन्यात भेटेल त्या बाईला ऐकवत होती. मुलाचं कौतुक करायची तिला सवय नव्हती, त्यामुळे आता एकदम सगळं बाहेर पडत होतं. तिनं दारातल्या लिंबाच्या कुंडीला पाणी घातलं, समुद्रावर न्यायला एखादी लोकरीची शाल बघू म्हणून पिशवी घेतली आणि तीन मजले उतरली.

धुकं खरंच दाट होतं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे मृतांचे दिवस. जो तो शेवंतीचे गुच्छ घेऊन कबरस्तानाकडे चाललेला. इकडे शेवंती देतात ती मेलेल्या माणसालाच. कोपऱ्यावरच्या फुलवालीनं इल्वाच्या हातात एक गुच्छ खुपसला, “घ्या आजी, शेवटचा राहिलाय.” इल्वानं हात झटकला. तिच्या घरच्यांचं तिनं परवाच उरकलं होतं, आता कुणासाठी घ्यायचा?

चौकाच्या तोंडाशी बिक्सिओ बसायचा. जुनी कुलपं आणि किल्ल्या विकणारा हा म्हातारा इल्वाचा तीस वर्षांचा शेजारी, आणि तिची टिंगल केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. “आली महाराणी, सिंहासनं विणणारी!” ही त्याची ठरलेली सलामी. आज तो कुलूप पुसत राहिला.

“काय रे, दातखीळ बसली का?”

“थंडी आहे,” बिक्सिओ म्हणाला. “भाजलेले चेस्टनट खा आणि घरी जा. वर जाऊ नकोस. चढ ओला झालाय.”

“या चढावर मी पोटुशी असताना खुर्च्या वाहिल्यात. तू मला चढ शिकवतोस?”

तो हसला नाही. खरं तर तिथंच इल्वाला कळायला हवं होतं, कारण बिक्सिओ कुणाच्या काळजीनं मरणारा माणूस नव्हता. पण तिला नको म्हटलं की तेच करायची खोड. ती वर चढू लागली. गोणपाट पसरून बसलेल्या ओळखीच्या बायका तिला बघून एकदम आपापल्या मालात डोकं घालायला लागल्या. लेस विणणारी तर पाठच फिरवून बसली. आपल्या अंगाला काही लागलंय की काय म्हणून इल्वानं कोट झटकून पाहिला.

वर, चर्चच्या मागच्या भिंतीशी, एक नवा दुकानदार होता. लाल मफलरवाला, पेरुजाकडचा. त्याच्यापुढं सहा खुर्च्या मांडलेल्या होत्या. सवयीनं इल्वानं एक खुर्ची उचलली आणि उलटी केली, जसा कुणी बाळाचा लंगोट बघावा. खालच्या पिळात एक लाल दोरा होता.

तिनं तो नखानं ओढून पाहिला.

लाल दोरा ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत कधीच घालत नसे. तो फक्त घरच्यांसाठी, खालच्या बाजूला, बसणाऱ्याला दिसणार नाही असा. अशा सहा खुर्च्या तिनं जन्मात एकदाच विणल्या होत्या, धाकट्या बहिणीच्या, झेलिंदाच्या लग्नात. तिनं उरलेल्या पाचही उलट्या केल्या. पाचहींत तोच दोरा.

झेलिंदाला मूलबाळ नाही. मार्चमध्ये ती न्हाणीघरात पडली, तेव्हा लोरिसच तिला डोंगरातल्या वृद्धाश्रमात सोडून आला. पंधरा दिवसांसाठी. त्याला आठ महिने झाले. तिच्या घराची किल्ली लोरिसकडेच, झाडांना पाणीही तोच घालतो. इल्वा महिन्यातून एकदा तिला भेटायला जायची, आणि दर वेळी झेलिंदा विचारायची, “ताई, माझ्या खुर्च्यांवर धूळ बसली असेल गं.” तीन बस बदलून त्या घरी कोण जाणार? इल्वा सांगायची, “गेल्याच आठवड्यात पुसल्या मी.” आणि त्याच खुर्च्या इथं विकायला मांडल्या होत्या.

बाजारातली माणसं टेबल बघून घर ओळखतात. भांडी आणि आरसे आले तर कुणी घर बदललं. शिवणाचा डबा, चष्मा आणि अर्धवट विणकाम एकत्र आलं, की माणूस गेलं आणि वारसांनी खण न बघताच ओतले. खुर्च्यांमागच्या टेबलावर शिवणाचा डबा होता. त्यात निळ्या दांडीचा चष्मा, आणि अर्धा विणलेला रुमाल, सुई टाक्यातच अडकलेली. पडली त्या दिवशी झेलिंदा हाच विणत होती. आणि काल रात्रीच तर फोनवर ती सूपमध्ये मीठ नसतं म्हणून भांडली होती! जिवंत माणसाचं घर मेलेल्याचं म्हणून मांडलं होतं, आणि खुर्च्यांची वीण बघून सगळ्या बाजारानं ते इल्वाच्या आधी ओळखलं होतं.

“चांगल्या आहेत ना, आजी?” मफलरवाला पुढं आला. “सहाही धड आहेत. अशी वीण आता कुणाला येत नाही.”

“कुठून आणल्या?” इल्वानं विचारलं. आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

“एका म्हातारीचं घर रिकामं केलं. भाचा भला माणूस. घासाघीस नाही, काही नाही. सगळं उचला म्हणाला, भिंती तेवढ्या ठेवा.”

“म्हातारी गेली?”

“आम्ही नाही विचारत. विचारलं की लोक रडायला लागतात, मग भाव ठरत नाही.” तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. “तुम्हाला चारच हव्या असतील तर संच फोडून देईन. आणि आणखी हव्या असतील तर पुढच्या महिन्यात या. त्याच माणसानं आणखी एक घर दिलंय.”

“कुणाचं?”

“त्याच्या आईचं. ती म्हणे खुर्च्याच विणायची. म्हणजे माल असणार बघा.”

इल्वानं खुर्ची सुलटी केली आणि तिच्यावर बसली. राग यायला हवा होता, पण आधी आली ती भीती, अगदी लहानपणी विहिरीत वाकून बघताना यायची तशी. धुकं आहे, बाजारात जाऊ नकोस. लहानच बॅग घे. पंधरा दिवसांचा तर प्रश्न. झेलिंदाची बॅगही लहानच होती, आणि ती इल्वानंच आपल्या हातानं भरली होती.

“विणायची म्हणजे?” तिनं विचारलं. “आता कुठं असते ती?”

“समुद्राकडे कुठंतरी. कायमची. मुलानं चांगली सोय केलीय म्हणे.” त्यानं वही काढून पान उलटलं. “गुरुवार, सकाळी दहा. सान लोरेंतिनोच्या वेशीजवळ, तिसरा मजला. दारात लिंबाची कुंडी आहे. तिसरा मजला म्हणजे माझ्या पाठीची वाट.”

“कुंडीसुद्धा नेणार?”

“सगळंच.”

चर्चची घंटा झाली. इल्वानं अंगठ्याची भेग दाबून धरली. मग उठून टेबलावरचा शिवणाचा डबा घेतला, सुई टाक्यातून निसटणार नाही असा बंद केला आणि शालीसाठी आणलेली नोट त्याच्या हातावर ठेवली.

“एवढाच? खुर्च्या नकोत?”

“खुर्च्या विकू नका. गुरुवारी बोलू.” ती दोन पावलं उतरली आणि थांबली. “त्या घराची किल्ली मिळालीय तुम्हाला?”

त्यानं खिसा वाजवून दाखवला.

“ती लावू नका. बेल वाजवा,” इल्वा म्हणाली. “मी घरीच असेन.”