पुसलेली फुली

कोलशेतच्या खाडीवर धुके उतरले की ती घटना अजून डोळ्यांपुढे येते. तेव्हा मी ठाण्याच्या पोलीस कचेरीत होते. बायकांची झडती आणि जबानी माझ्याकडे असे.

मिठाच्या खात्यातल्या एका साहेबाने फिर्याद दिली: शिकारीच्या बंदुकीवरची दुर्बीण पट्टेवाल्याने विकली आणि तिच्या जागी नकली बसवली. खरीत नेम धरायला फुली होती, हिच्यात नाही. खबऱ्यानेही सांगितले की पट्टेवाल्याने आदल्या संध्याकाळी कापडात गुंडाळून एक नळी घरी नेली होती. पट्टेवाला कोठडीत गेला. गुन्हा शाबीत झाला तर सक्तमजुरी ठरलेली.

मी त्याच्या घराची झडती घेतली. चूल सारवलेली, तांब्या-पितळेची भांडी लखलखीत, आढ्याला एक जळमट नाही. दुसरी दुर्बीणही नाही.

"नळी नेली होती," पट्टेवाल्याने कबूल केले. "बायकोला माहेर दाखवायला. खाडीपल्याड आहे, लग्नापासून गेली नाही."

फौजदार हसले. "नळीतून माहेर! आम्हाला सासुरवाडी दाखव की."

दुर्बीण पारखायला त्यांनी मोजणी खात्यातला एक म्हातारा कारकून बोलावला. सकाळी आम्ही बंदूक घेऊन खाडीकाठी गेलो. विरत चाललेल्या धुक्यात मिठाचे ढीग तरंगत होते.

"बघा बाई," कारकून म्हणाला. "हलक्या काचेत ढिगाला रंगीत कडा दिसते, कोपरे फुटतात."

मी डोळा लावला. दूरचा ढीग हाताशी आला. पल्याडच्या बांधावर कोणी बाई घागर टेकवून उभी होती. तिच्या पदराचा काठसुद्धा दिसत होता. रंग नाही, फुटणे नाही. क्षणभर मीच त्या बांधावर उभी आहे असे वाटले.

"काच अस्सल," कारकून म्हणाला. "फुली कोळ्याच्या तंतूची असते. आतल्या कड्यावर लाखेचे ठिपके अजून आहेत. तंतू तेवढे गेलेत."

काचेवर एक डागही नव्हता. पट्टेवाल्याची बायको आमच्यामागून काठावर आली होती. मी तिला विचारले, "एवढी स्वच्छ कोणी पुसली गं?"

तिचा चेहरा खुलला. "मीच, बाय! यांनी दावून ठेवली, मंग मी मागची चकती फिरवून खोलली. आतमंदी कोल्याचा जाला व्हता. सायबाच्या वस्तूला जाला! पुसून टाकला."

फौजदारांनी कपाळावर हात मारला.

मिठाच्या कोठारातल्या जाळ्यातला एक कोळी डबीत धरून आणून कारकुनाने त्याचे नवे तंतू ताणले. उभा तंतू त्याने खालच्या अर्ध्या भागात दुहेरी घेतला, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात हरवत नाही आणि मध्ये सावज झाकतही नाही. साहेबाने डोळा इकडेतिकडे हलवून पाहिला. फुली ढिगावरून सरकली नाही. त्याने फिर्याद मागे घेतली.

पट्टेवाला सुटला. त्याच्या बायकोला मी दुर्बीण डोळ्याला लावायला दिली. तिने बराच वेळ खाडीपलीकडे पाहिले.

"माझे आईच्या दारान फुली पडलीय," ती म्हणाली. "आता पुसायची न्हाय ना?"

"हात लावशील तर याद राख!" कोठडीतून नुकताच सुटलेला नवरा ओरडला.

चोर आपली करणी लपवतो. नीटनेटकी बाई आपली सफाई लपवू शकत नाही. त्यानंतर कुठलीही वस्तू गायब झाली की मी आधी विचारत असे, शेवटची साफसफाई कोणी केली?