खटक्यातला चिमटा

आई मॅनेजर झाली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, एक तिला सोडून. तिला भीतीच वाटली.

तिच्या धुलाई कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी यायच्या. आधीचे दोन्ही मॅनेजर बाहेरून आणलेले, चांगले शिकलेले. दोघेही टिकले नाहीत. मालक वैतागून म्हणाले, "आता आपल्यातलंच माणूस बघतो," आणि आईला काचेच्या खोलीत बसवलं. आमची आई! डॉक्टरशी बोलायलाही मला पुढे करणारी.

पण तिची भीती खोटी नव्हती. चादरी पिळायचं यंत्र पुरतं थांबल्याशिवाय त्याचं झाकण उघडत नाही. झाकणाच्या खटक्यात कपड्यांचा चिमटा अडकवला, तर मात्र आतलं पिंप फिरत असतानाच ते उघडतं आणि काम लवकर उरकतं. ही युक्ती आईचीच. तिनेच ती सगळ्या बायकांना शिकवलेली. आधीच्या साहेबांना या युक्तीचा पत्ताच नव्हता, त्यामुळे ते निवांत जेवायचे. आईला घास उतरेना. स्वतः करताना तिला कधी भीती वाटली नव्हती. आता काचेतून यंत्रावर वाकलेली काकू, म्हणजे आमच्याच घरात राहणारी तिची थोरली जाऊ, दिसली की ती खुर्चीतून अर्धी उठायची.

आईने चिमटा काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच.

"वहिनी, नका ना लावू."

"बरं बरं, मॅनेजरीणबाई," काकू म्हणाली, आणि बायका फिदीफिदी हसल्या. आई परत काचेआड जाऊन बसली.

मग एका दुपारी तिने झाकण उघडल्याचा खणखणाट ऐकला, आणि त्याच्याबरोबर पिंपाची घरघर. हे दोन आवाज एकदम यायला नकोत. ती अनवाणीच धावली, मेन स्विच पाडला आणि काकूला कंबरेला धरून मागे खेचलं. चादरीत अडकलेली बाही टरकन फाटून आत गेली. हात बाहेर राहिला.

"घरी जा!" आई किंचाळली. "आठवडाभर कामावर येऊ नका!"

काकू पांढरीफटक पडली होती, तरी म्हणाली, "शिकवलंस तूच, धाकटे."

"म्हणूनच सांगतेय."

मालक खूश. "बघा, बाहेरच्याला तो आवाज कळला असता का?"

"नसता कळला," आई म्हणाली. "पण मालक, बाहेरच्याला संध्याकाळी वहिनींच्याच घरी जायचं नसतं."

संध्याकाळी ती दाराबाहेरच घुटमळली. मी बाहेर आले, तर कुजबुजत म्हणाली, "काकू काय करताहेत तुझ्या?"

"भांडी घासतेय. आपटतेय नुसती."

आत पातेलं आदळलं. मग झाकण. मग पुन्हा पातेलं. आई कान देऊन ऐकत राहिली.

"दोन्ही हातांनी आपटताहेत ना गं?"

मी हो म्हटलं, आणि ती तिथेच पायरीवर बसून हुंदके देऊन रडायला लागली.