प्लेटलेटची संख्या बरोबर होती

माझ्या धाकट्या बहिणीची अक्कलदाढ काढायची ठरली तेव्हा सगळी तयारी मी केली. कामं कागदावर लिहायची आणि झाली की खूण करायची ही माझी तेव्हापासूनची सवय. रिक्षा, मऊ भात, कापूस, रक्ताचा रिपोर्ट. प्लेटलेटची संख्या बरोबर होती. मी खूण केली आणि दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे." लहानपणापासून तिचा घोळणा फुटायचा, तासतास रक्त थांबायचं नाही, हे मी सांगितलं नाही. आमच्या घरी तो आजार नव्हताच, ती उष्णता होती. दूर्वांचा रस नाकात, कोकम सरबत पोटात आणि आंबे बंद.

दाढ सकाळी निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, कोल्हापूरला नेताना, आंबा घाटात ती गेली. मांडवीच्या घरातून निघताना म्हणाली होती, "ताई, कापूस आणखी घे." मी दोन पुडे घेतले. एक न फोडताच परत आला.

याला सव्वीस वर्षं झाली. घरात "दाढेचं झालं" एवढंच म्हणतात. मी अजून दातांचा दवाखाना दिसला की रस्त्याच्या पलीकडून चालते. कधीकधी तांदूळ निवडताना मागे कुणी थुंकल्यासारखा आवाज येतो. मी वळून बघत नाही.

गेल्या वर्षी भावाच्या मुलीच्या दातांना तारा बसवायचं निघालं. ती बारा वर्षांची. आधी दोन दात काढायला हवे होते. भाऊ मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. पोरीचा घोळणा फुटला की डबा भरून बर्फ आणतो. तिच्या पोटऱ्यांवर कायम काळेनिळे डाग.

"हा रिपोर्ट बघ," त्याने कागद पुढे सरकवला. "प्लेटलेट भरपूर आहेत. आता तू यादी घेऊन बसू नको गो."

"तिच्याही भरपूर होत्या. हिला आधी मुंबईला दाखवू."

त्याने रिपोर्टची घडी घातली. वहिनी आमच्या मामाचीच मुलगी, त्यामुळे मला वन्सं न म्हणता ताईच म्हणते. ती म्हणाली, "ताई, दोन दातांसाठी मुंबई? उद्या पोरीचं लग्न ठरवताना लोक विचारतील."

"विचारू देत. लग्नापर्यंत पोचायला तर हवी."

हे मी नको तितकं कडक बोलले. वहिनीने मुकाट्याने बॅग भरली.

मुंबईच्या रक्तविकारांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पहिलंच विचारलं, "आईवडील नात्यातले?"

वहिनी ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. उत्तर मी दिलं. मामाची मुलगी. आमच्या आईवडिलांचंही तसंच. आमच्याकडे मामाच्या मुलीचा मान पहिला, घरातली मुलगी घरात राहते.

तपासणी त्यांनी मला दाखवली. नळीत रक्ताचा पिवळसर, गढूळ भाग. त्यात औषधाचा थेंब पडला की प्लेटलेट एकमेकींना धरून गोळा होतात आणि नळी निवळते. शेजारची, दुसऱ्या कुणाची नळी निवळली. हिची गढूळच राहिली. मग एक जोरकस औषध टाकलं, तेव्हा कुठे निवळली.

"म्हणजे पकडणारे हात आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "प्लेटलेटच्या अंगावर ते असतात, पण एरवी मिटलेले. सदा उघडे राहिले तर रक्त नसांतच गोठेल. जखम झाली की पेशीच्या आतली प्रथिनं त्यांना निरोप देतात. मग हात उघडतात, रक्तातला धागा पकडतात, गुठळी बसते. हिच्यात निरोप देणारं एक प्रथिन निकामी असावं. जनुकाच्या तपासणीत नक्की कळेल. नुसती संख्या मोजून हे दिसत नाही."

पुढे त्या तपासणीतही तेच निघालं. आईकडून एक दोष, वडिलांकडून एक.

दोन्ही दात त्याच रुग्णालयात काढले. गुठळी टिकवायचं औषध आधीपासून सुरू होतं, प्लेटलेटची पिशवी तयार ठेवली होती. दर पंधरा मिनिटांनी मी बोळा बघत होते. लाल, लाल, गुलाबी. मग जवळजवळ पांढरा.

"आत्या, सारखं तोंड उघडायला लावू नको," भाची बोबडं बोलली. "दुखतं."

वहिनी भिंतीला टेकून रडायला लागली.

डॉक्टर शेवटची फेरी मारून निघाल्या तेव्हा मी त्यांच्यामागे व्हरांड्यात गेले. विचारलं, "हे गुठळी टिकवायचं औषध पंचवीस वर्षांपूर्वी होतं का?"

"होतं की. जुनंच औषध आहे. का?"

"सहज विचारलं."

खोलीत परतले तर भावाचा फोन आला होता. रक्त थांबलं म्हणून मी सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या वेळी असलं काही नव्हतं ना गो, ताई?"

मी म्हणाले, "नव्हतं."