पत्ता माझ्याच मशीनचा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझं सगळं ठाऊक आहे, असं ती समजते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिवाजी पेठेत, एका सायकलच्या दुकानावर, आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. इचलकरंजीच्या एका कापड कारखानदाराची वेबसाइट आम्ही जावामध्ये करत होतो. पानं मी लिहायचो, ती सर्व्हरवर चढवायचं काम सुजाताचं. सुजाता मलकापूरची, बौद्ध घरातली, घरात पहिलीच कॉम्प्युटर शिकलेली. आणि कामात माझ्यापेक्षा चोख — हे मला टोचायचं, खोटं कशाला बोलू?

प्रत्येक लिंकला पूर्ण पत्ता द्यायचा होता. साइट ज्या सर्व्हरवर आहे त्याचं नाव प्रोग्रामनं त्यालाच विचारून घ्यायचं असतं. मी कंटाळा केला. टेम्प्लेटमध्ये सरळ हातानं लिहून टाकलं — लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन'. माझ्याकडे सगळं झकास चाललं. इचलकरंजीत शेठनी व्यापाऱ्यांसमोर साइट उघडली, तेव्हा त्यांचं मशीन ती पानं स्वतःतच शोधत बसलं. एकही लिंक उघडेना, एकही फोटो दिसेना.

आमचे सर तापले. "फायली नीट चढवल्या न्हाईत हिनं," म्हणाले. ती म्हणाली, "सगळ्या चढवल्यात, सर. पानाचा सोर्स उघडून बघा की." सोर्स म्हणजे पानामागचा कोड; तिथं माझा तो पत्ता उघड दिसला असता. पण कुणी बघितला? चूक तिचीच, हे सगळ्यांना लगेच पटलं. का पटलं, तेही मला कळत होतं — तिच्या आडनावावरून ऑफिसात आधीपासून कुजबुज चालायची, आणि मी त्यात हसायचो. सरांनी मला विचारलं. तोवर माझी चूक मला सापडली होती. मी म्हणालो, "माझ्या मशीनवर तर चालतंय की, सर."

मग गुपचूप पत्ता बदलला, आणि सांगितलं — तिनं चढवलेल्या फायली मी परत नीट चढवल्या, झालं चालू. मला शाबासकी मिळाली. तिला त्याच आठवड्यात काढलं.

भीती होती का? होती. पण माझी नोकरी गेली असती तर मला दुसरी मिळाली असती. तिला मलकापूरला परत जावं लागणार, हे मला माहीत होतं.

जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "संपर्काचं पान राहिलंय. तिथं अजून तुझ्याच मशीनचा पत्ता हाय."

ती गेल्यावर मी ते पान उघडलं. खरंच राहिलं होतं. तेही बदललं.