दुप्पट दांडा

माझ्या थोरल्या भावानं, दादानं, हैदराबादच्या एका हॉटेलात एकतीस वर्षं कॉफी केली. हॉटेलवाल्यांनी बटणाचं यंत्र आणलं, तेव्हा जुनं दांड्याचं यंत्र त्यानं मागून घेतलं आणि वालूरच्या घरी पोत्यात गुंडाळून ठेवलं. पुढं त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात नाही. मागच्या हिवाळ्यात तो म्हणाला, "तो दांडा वढायचाय मला. एकदाच."

यंत्र मी सेलूला माझ्या घरी आणलं. अकरा रविवार लागले. टाकीत क्षाराचा थर साडेचार मिलिमीटर होता; लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तीनदा भिजवून काढला. कुकर दुरुस्तीवाल्यानं रबरी कड्या मापानं कापून दिल्या. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवला. यंत्र तापलं, दाब चढला, थेंबही गळला नाही. गळणार नाही हे मला माहीत होतं.

अडचण दादाच्या हाताची होती. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग दबते आणि वर जाताना तीच गरम पाणी कॉफीतून ढकलते. ताणकाटा लावून पाहिला: सोळा किलो. दादाचा डावा हात नऊच्या पुढं जात नव्हता. आम्ही हापशावर वाढलेली माणसं. हापसा जड गेला की दांड्यावर पाइप चढवायचा. पंचवीस सेंटिमीटरचा दांडा मी पाइप चढवून पन्नासचा केला. काटा आठवर आला.

दादा आला. ओट्यासमोर उभा राहून त्यानं दांडा ओढला. दांडा खाली यायच्या ऐवजी अख्खं यंत्रच पुढं कललं. बायकोनं मागून बूड दाबून धरलं म्हणून वाचलं.

दादा हसायला लागला. "आरं हिशेब्या, हापसा काँक्रीटमधी गाडलेला असतो की!"

बाकी सगळं मी मोजलं होतं. आता ओट्याला चार भोकं पाडून बोल्ट लावणं आलं, आणि काळ्या ग्रॅनाइटचा तो ओटा दिवाळीत नवा केलेला. बायकोनं ओट्यावरून एकदा हात फिरवला.

"भाऊजी, तवर चहा घ्या. अन् तुमी काय बघायलाय? शेजारून ड्रिल आणा. भोकं सरळ पाडा म्हंजे झालं."

यंत्र निवल्यावर बोल्ट आवळले, पुन्हा तापवलं. दादानं दांडा खाली आणला, पूड भिजेपर्यंत सहा आकडे मोजले आणि वर जाऊ देताना हात सोडला नाही. पहिला कप त्यानं बायकोपुढं ठेवला.

एकदाच म्हणाला होता. त्या दिवशी सात कप झाले.